पडद्यामागचा सूर

आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटलं की काय डोळ्यांसमोर येतं? मंडप, दोन गायक, एक गायिका, कीबोर्ड, ढोलक आणि जुन्या सिनेमाची गाणी. आमच्या आंधळगाव-मोहाडीकडे तर त्याहून झाडीपट्टीची नाटकं जवळची. धान घरात आलं की थंडीत सतरंजी टाकून, मांडीवर लेकरू निजवून रात्रभर बसायचं. पण पन्नास-साठ वादक एकत्र येतात आणि तास-सव्वा तासाची एकच रचना वाजवतात, असाही ऑर्केस्ट्रा असतो बरं का!

तो ऐकण्याचा योग मला ऑगस्ट २०२४ मध्ये आला. लेकीच्या बाळंतपणासाठी लंडनला गेले होते. तिथे दर उन्हाळ्यात 'प्रॉम्स' नावाचा शास्त्रीय संगीताचा महोत्सव भरतो. ही परंपरा १८९५ पासूनची. रॉयल अल्बर्ट हॉल हे त्याचं मुख्य ठिकाण, पाच हजार माणसं सहज मावतील एवढं. खुर्चीचं तिकीट महाग, पण वादकांच्या अगदी समोर उभं राहून ऐकायचं असेल तर २०२४ मध्ये आठ पौंड होते, म्हणजे तेव्हाचे आपले आठ-नऊशे रुपये. संगीत फक्त श्रीमंतांचं राहू नये म्हणून ही सोय पहिल्यापासून. लेक म्हणाली, "आई, उभी राहशील?" म्हटलं, रोवणीला दिवसभर वाकणाऱ्या बायांच्या गावची आहे मी, दोन तास उभं राहणं ते काय!

त्या संध्याकाळी बीथोव्हेनची नववी सिंफनी होती. हा जर्मन संगीतकार ती रचत होता तेव्हा त्याला जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. ७ मे १८२४ रोजी व्हिएन्नात ती पहिल्यांदा वाजली. टाळ्यांचा कडकडाट झाला, पण हा आपला लोकांकडे पाठ करून उभा! शेवटी कॅरोलिन उंगर या गायिकेने त्याला श्रोत्यांकडे वळवलं, असं सांगतात. त्याला दोनशे वर्षं झाली म्हणून 'अरोरा ऑर्केस्ट्रा'ने ती सगळी सिंफनी पाठ वाजवली. समोर कागद नाही, आणि बहुतेक वादक उभे राहूनच वाजवत होते. शेवटच्या भागात खर्जातल्या मोठ्या वाद्यांनी एक साधीशी धून अगदी हळू धरली. मग एकेक वाद्य तिला येऊन मिळालं. त्यानंतर गायक उठले, आणि अंगावर काटा आला. शब्द जर्मन होते. मला कुठे अडलं नाही.

त्या वादकांत कितीतरी बाया होत्या. व्हायोलिन, सेलो, बासरी वाजवत पुरुषांच्या बरोबरीने उभ्या. मला वाटलं, हे इथे पूर्वीपासूनच असेल. लेकीने सांगितलं तेव्हा कळलं, तसं मुळीच नव्हतं. याच प्रॉम्सचे हेन्री वुड यांनी १९१३ मध्ये आपल्या वाद्यवृंदात सहा स्त्रिया घेतल्या, तर तेवढ्याचीही केवढी नवलाई झाली! बर्लिनच्या प्रसिद्ध वाद्यवृंदाने पहिली स्त्री वादक घेतली ती १९८२ मध्ये. व्हिएन्नाच्या वाद्यवृंदाने बाईला रीतसर सभासद केलं ते थेट १९९७ मध्ये. आणि प्रॉम्सच्या शेवटच्या रात्रीचं संचालन एका स्त्रीच्या, मरिन ऑल्सॉप यांच्या, हाती आलं ते २०१३ मध्ये.

हा बदल घडवण्यात एका साध्या गोष्टीचा हात आहे. ती म्हणजे पडदा. अमेरिकेतल्या मोठ्या वाद्यवृंदांनी १९७० नंतर वादकांची परीक्षा पडद्याआड घ्यायला सुरुवात केली. वाजवणारा कोण, ते परीक्षकांना दिसायचं नाही, फक्त ऐकू यायचं. टाचांच्या आवाजावरून बाई ओळखू येऊ नये म्हणून काही ठिकाणी गालिचा अंथरायचे. पुढे वाद्यवृंदांतल्या बाया वाढत गेल्या. पडद्याने बायांना अडवल्याच्या गोष्टी आपण खूप ऐकल्या आहेत. इथे पडद्याने दार उघडलं!

आता आपल्याकडे बघा. आंधळगावच्या कोशाचं नाव मोठं. तो धागा वर्षानुवर्षं बायांनी मांडीवर वळून काढला, मांडीची कातडी सोलेपर्यंत. पण विणकर म्हटलं की डोळ्यांसमोर मागावरचा पुरुषच येतो. झाडीपट्टीच्या रंगमंचावर एकेकाळी बाईची भूमिकाही पुरुषच करत. आणि आपल्या महिला भजनी मंडळांत गळे आपले असतात, पण तबल्यावर बसायला कुणाचा तरी दीर बोलावला जातो. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा देत विशारदपर्यंत आलेली पोरगी लग्न होऊन जाते आणि तिची पेटी माहेरच्या माळ्यावर जाते. पाहायला आलेली मंडळी विचारतात, "गाणं येतं का?" लग्नानंतर त्याच घरात म्हणतात, "आता गाणं कशाला?"

मैत्रिणींनो, आपल्याला काही सिंफनी वाजवायची नाही. पण येत्या नवरात्रात भजनाला तबल्यावर आपल्यातल्याच एखाद्या पोरीला बसवूया. सुरुवातीला ताल चुकेल, चुकू द्या. दीर काय आईच्या पोटातून ताल शिकून आले होते? आणि सून घरात आली की तिच्या सामानाबरोबर तिची पेटीही मागवून घ्या. ऐकताना मनात एक पडदा तेवढा धरूया. कोण वाजवतंय, कुणाची सून आहे, हे त्याच्या पलीकडे राहू दे. अलीकडे नुसता सूर येऊ दे.