गोल्फची खतावणी

आपल्या व्यापारी घरांतील पुढची पिढी पुण्या-मुंबईकडे स्थिरावू लागली आणि तिच्यामागोमाग गोल्फ हा शब्दही आपल्या बैठकीत येऊन बसला. अमरावती-अकोल्याकडची पेढी सांभाळणारे पन्नाशीतले गृहस्थ मुलाकडे गेले की येरवड्याच्या पूना गोल्फ क्लबवर किंवा चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबवर पाहुणे म्हणून खेळतात. परतल्यावर त्यांची तक्रार ठरलेली असते. काठ्यांचा महागडा संच घेतला, दोन वर्षे घाम गाळला, पण आकडा काही खाली येत नाही. या महिन्याचे सदर त्या आकड्याविषयी आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. हौशी म्हणजे कच्चा, असे गोल्फमध्ये नाही. हौशी म्हणजे बक्षिसाच्या रकमेसाठी न खेळणारा, एवढाच त्याचा अर्थ. १९६५ साली इंडियन ओपन स्पर्धा जिंकणारे पी. जी. तथा बिल्लू सेठी हे हौशी खेळाडूच होते. त्यानंतर ही स्पर्धा पुन्हा एखाद्या भारतीयाने जिंकण्यास १९९१ साल उजाडावे लागले. ते विजेते अली शेर. म्हणजे हौशी माणसाला सुधारणेची दारे बंद नाहीत. प्रश्न पद्धतीचा आहे.

बँकेत कर्जप्रकरणे तपासताना एक गोष्ट वारंवार दिसे. दुकान तोट्यात गेले की मालक म्हणे, ‘विक्री घटली.’ खतावणी उघडली की दिसे, विक्री ठीक आहे, पैसा उधारीत अडकला आहे. गोल्फपटूचेही तसेच असते. तो म्हणतो, ‘लांबचा फटका बसत नाही.’ दुसरा म्हणतो, ‘पटिंग बिघडले.’ दोघांकडेही नोंद नसते, असते ती केवळ शेवटच्या चुकीची आठवण.

नोंदीने काय साधते, याचे उत्तम उदाहरण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील व्यवस्थापनशास्त्राचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांचे आहे. सामना ग्रीनवर, म्हणजे खळग्याभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर जिंकला जातो, अशी जुनी समजूत. ब्रॉडी यांनी असंख्य फटक्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा निराळेच निघाले. चांगला खेळाडू आणि सामान्य खेळाडू यांच्या आकड्यांतील फरकापैकी सुमारे दोन तृतीयांश फरक १०० यार्डांपलीकडून मारलेल्या फटक्यांत असतो, उरलेला एक तृतीयांश त्याअलीकडचा. अर्थात ही सरासरी झाली. आपली गळती कोठे आहे, हे आपलीच वही सांगेल.

ती वही अशी ठेवावी. मैदानावर १८ होल आणि बहुतेक ठिकाणी ७२ फटक्यांचा पार असतो. प्रत्येक ग्रीनवर दोन पट गृहीत धरलेले असल्याने त्या ७२ पैकी ३६ फटके पटिंगचेच. फेरी संपताच पाच रकाने भरावेत : टीवरून मारलेला चेंडू खेळता येण्याजोग्या जागी पडला की नाही, ग्रीनकडे मारलेला फटका अपुरा पडला, पलीकडे गेला की बाजूला गेला, ग्रीनजवळून उचललेल्या चेंडूस किती फटके लागले, पट किती, आणि दंडाचे फटके किती. पाच फेऱ्यांनंतर बेरीज करावी. ज्या रकान्यात सर्वाधिक नुकसान, त्याचाच सराव पुढचा महिनाभर.

बहुतेकांच्या वहीत दोन गोष्टी ठळक दिसतात. एक, ग्रीनकडचा फटका अपुरा पडणे. कधीतरी एकदा उत्तम बसलेल्या फटक्याचे अंतर आपण नेहमीचे समजतो. तेव्हा एक क्रमांक लांबची काठी घ्यावी आणि झेंड्याऐवजी ग्रीनच्या मध्यावर नेम धरावा. दुसरी, झाडीत गेलेला चेंडू दोन खोडांच्या फटीतून थेट ग्रीनवर नेण्याचा हट्ट. पडत्या भावात तूर धरून बसणाऱ्याचे काय होते, हे आपणांस सांगावयास नको. एक फटका खर्ची घालून चेंडू आडवा मोकळ्या मैदानात आणावा. तोटा एका फटक्यावर थांबतो.

पेढी नदीकाठच्या आमच्या वलगावात गोल्फचे मैदान नाही, पण सरावाला मैदान लागतेच असे नाही. सायंभोजन लवकर आटोपणाऱ्या आपल्या घरांत रात्री अर्धा तास सहज निघतो. खळग्याचा व्यास सव्वाचार इंच असतो. सतरंजीवर स्टीलचा पेला आडवा ठेवून तीन फुटांवरून वीस पट साधावेत. पेल्याचे तोंड खळग्याहून लहान असल्याने मैदानावरचा खळगा मोठा वाटू लागतो. मग पंधरा फुटांवर नाणे ठेवून चेंडू त्याच्या हातभर अंतरात थांबविण्याचा सराव करावा. दुसरी गोष्ट शरीराची. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळामुळे १९१४ पासून आपल्या भागाला व्यायामाची परंपरा आहे. कंबर व खांदे मोकळे ठेवणारा व्यायाम आणि रोजचे चालणे साठीनंतर नव्या काठीपेक्षा अधिक उपयोगी पडते. नियमाने काठ्या १४ च नेता येतात. पंधरावी विकत घेण्याऐवजी ते पैसे जाणत्या प्रशिक्षकाच्या चार तासिकांना द्यावेत.

आता महत्त्वाचा मुद्दा. ही सारी पद्धत नोंद खरी असेल तरच चालते. मित्रांच्या फेरीत पहिला वाईट फटका ‘मोजायचा नाही’ असे ठरते, चार फुटांचा पट ‘गेलाच समजा’ म्हणून सोडला जातो. अशा आकड्यावरून काढलेला हँडिकॅप म्हणजे फुगविलेल्या ताळेबंदावर मंजूर केलेली पतमर्यादा. २०२० पासूनच्या जागतिक पद्धतीत शेवटच्या २० फेऱ्यांपैकी सर्वोत्तम ८ फेऱ्यांच्या आधारे तो ठरतो. नोंद खोटी, तर तोही खोटा.

हौशी अमेरिकन खेळाडू बॉबी जोन्स व्यवसायाने वकील होते. १९२५ च्या यू. एस. ओपनमध्ये फटक्याच्या तयारीत असताना त्यांचा चेंडू किंचित हलला. दुसऱ्या कोणी ते पाहिले नव्हते. जोन्स यांनी स्वतःच एक फटका दंड लावून घेतला. अखेरीस त्यांची विली मॅकफार्लेन यांच्याशी बरोबरी झाली आणि निर्णायक फेरीत ते हरले. तो एक फटका लिहिला नसता, तर विजेतेपद त्यांचे होते. लोकांनी कौतुक केले तेव्हा, बँक लुटली नाही म्हणूनही कोणी माझी स्तुती करील, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिल्याचे सांगतात. माझ्यासारख्या बँकेतील माणसाला ते विशेष पटते.

आपली मुले व्यावसायिक ओळखींसाठी गोल्फ शिकत आहेत. त्यांनी हे अवश्य ध्यानी घ्यावे. सोबतचा व्यापारी चार तास आपल्याबरोबर चालतो. झुडपाआड गेलेल्या माणसाने बाहेर येऊन ‘पाच’ सांगितले की ‘सात’, हे तो ऐकत असतो. उद्या त्याच माणसाशी उधारीचा व्यवहार करावयाचा असतो. तेव्हा पुढच्या फेरीला जाताना खिशात एक छोटी वही आणि पेन्सिल असू द्यावी, आणि सात फटके झाले असतील तर सातच लिहावेत.