माणूस आपलाच आहे हो!

‘बिल्डर कसा आहे?’ असं कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं. ‘माणूस फार चांगला आहे. आपलाच आहे हो!’ असेलही. गणपतीची वर्गणी न मागता देत असेल, वडीलधाऱ्यांना वाकून नमस्कार करत असेल, गेल्या गेल्या गार पाणी, मग चहा आणि मग ‘काका, तुमच्याकडून काय जास्त घ्यायचं!’ हेही होत असेल. माझा प्रश्न एवढाच, की यातलं नेमकं काय महापालिकेच्या परवानगीऐवजी चालतं?

एरवी आपण चौकशीत कमी नाही. स्थळ आलं, की मुलाच्या पगारापासून त्याच्या आत्याच्या स्वभावापर्यंत सगळं काढतो. जुनी स्कूटर घ्यायची तर मेकॅनिकला सोबत नेतो. पण जन्माची पुंजी ओतून फ्लॅट घेताना विचारतो काय? ‘दार पूर्वेला आहे ना?’ वास्तुशास्त्राची परवानगी आहे की नाही, हे आधी पाहायचं. नगररचना खात्याची आहे की नाही, हे विचारायला मात्र भीड वाटते.

मला नाही वाटत. एका बिल्डरच्या ऑफिसात मी या इमारतीचं बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि त्याच्या आधीच्या दोन इमारतींची भोगवटा प्रमाणपत्रं मागितली. दारापर्यंत आलेला चहा तिथूनच मागे वळला. ‘काका, विश्वास नाही का आमच्यावर?’ मी म्हटलं, ‘आहे ना! नसता तर कागद न मागताच उठलो असतो.’ जिना उतरताना सौभाग्यवती म्हणाल्या, ‘मागायचंच होतं, तर चहा झाल्यावर मागायचं!’ सूचना रास्त होती. पण कागद काही चहानंतरही आला नसता.

कागदाविना काय होतं, ते मुंबईत वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडने दाखवलं. १९८०च्या दशकात परवानगी पाच मजल्यांची होती. एक इमारत चक्क वीस मजल्यांपर्यंत चढली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाचाच्या वरचं सारं बेकायदा ठरवलं. तोवर लोकांच्या वयाची तीस-तीस वर्षं त्या मजल्यांवर गेली होती.

आता कायदा आपल्या बाजूचा आहे. २०१६च्या स्थावर संपदा कायद्यानुसार बिल्डरला नोंदणी करताना मागच्या पाच वर्षांतले आपले प्रकल्प, त्यांना झालेला उशीर आणि चालू असलेले खटले जाहीर करावे लागतात. म्हणजे बिल्डरची पत्रिका सरकारनेच मांडून ठेवली आहे, तीही फुकट! नोंदणीकृत करार होईपर्यंत दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायची त्याला मनाई आहे. हे सगळं महारेराच्या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतं.

पण ‘महारेरा नंबर आहे, बँक कर्जही देतेय’ एवढ्यावर पेढे वाटू नका. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींच्या बाबतीत महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून चक्क महारेराचे क्रमांक मिळवले गेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. तेव्हा कागद बिल्डरच्या हातात पाहून भागत नाही. तो जिथे जन्मला म्हणतात, तिथे जाऊन त्याचा जन्मदाखला पाहावा लागतो. परवानगीचा क्रमांक, तारीख, सर्व्हे नंबर आणि मंजूर मजले टिपून घ्या आणि नगररचना खात्याच्या दप्तराशी ताडून पाहा. तिथला कारकून ‘उद्या या’ म्हणाला, तर माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज आहेच.

यावर आमचे एक शेजारी तावातावाने म्हणाले, ‘हे सगळं आम्हीच करायचं, तर महापालिका कशाला आहे? सात मजले चढताना वॉर्ड ऑफिसात कुणाला दिसले नाहीत?’ शंभर टक्के मान्य! सात मजले ही काही पदराआड झाकून नेण्याची वस्तू नव्हे. ज्यांना ते दिसले नाहीत, त्यांना जाब विचारलाच पाहिजे. पण बुलडोझर येतो तेव्हा न दिसलेल्या साहेबांचा पत्ता विचारत येत नाही, तुमच्याच दारात येतो. हप्ते मात्र पाडलेल्या घराचेही चालू राहतात.

म्हणून मी तर म्हणतो, वास्तुशांतीच्या पत्रिकेवर मुहूर्ताच्या वर भोगवटा प्रमाणपत्राचा क्रमांक छापायची रीत पाडावी. क्रमांक नसेल, तर जेवायला अवश्य जावं, यजमानांचं तोंडभर कौतुक करावं. फक्त आहेरात चांदीची वाटी न देता एक चांगली मोठी छत्री द्यावी.