दुर्बळ हृदय आणि औषधांची यादी

“एवढ्या गोळ्या कशाला? एकच जालीम औषध का देत नाहीत?” हा प्रश्न आपल्या घराघरांत ऐकू येतो. वडीलधाऱ्या माणसाचे हृदय दुर्बळ होते, पायांवर सूज येते, चार पावलांत धाप लागते. डॉक्टर औषधांची यादी देतात. थोड्या दिवसांत सूज उतरते आणि घरची मंडळीच त्या यादीला कात्री लावतात. वाचकहो, हे घातक आहे.

दुर्बळ हृदय पुरेसे रक्त पुरवू शकत नाही. मग शरीर घाबरून मीठ व पाणी साठवते, रक्तवाहिन्या आवळते, नाडी जलद करते. थकल्या बैलाला पराणी टोचावी तसाच हा प्रकार. शरीराच्या या चुकीच्या वाटा अनेक आहेत. एक औषध एकच वाट अडवते.

हे ज्ञान टप्प्याटप्प्याने आले. 1987 मध्ये एनालाप्रिलने अत्यवस्थ रुग्णांचे मृत्यू कमी होतात असे दिसले. 1999 मध्ये त्याच जातीच्या औषधाला स्पायरोनोलॅक्टोनची जोड देताच मृत्यू आणखी सुमारे 30 टक्क्यांनी घटले. बीटा-ब्लॉकरचा लाभही त्याच वर्षी पक्का झाला. 2019 मध्ये मधुमेहावरचे डॅपाग्लिफ्लोझिन मधुमेह नसलेल्या हृदयरुग्णांनाही उपकारक ठरले. म्हणून ज्यांच्या हृदयाचा पंप मंदावला आहे, त्यांना या चारही गटांची औषधे द्यावीत, अशी शिफारस युरोपच्या हृदयतज्ज्ञांनी 2021 मध्ये केली.

येथेच आपली गफलत होते. लघवी वाढवून सूज उतरवणाऱ्या गोळीचा गुण लगेच जाणवतो. आयुष्य वाढवणाऱ्या गोळ्यांचे काम मात्र डोळ्यांना दिसत नाही. न दिसणारे काम निरुपयोगी समजून आपण नेमकी तीच औषधे सोडतो!

अर्थात, औषधांची ही जुळणी डॉक्टरांनीच करावयाची आहे. काही औषधांनी रक्तातील पोटॅशियम वाढते, रक्तदाब उतरतो; म्हणून वेळोवेळी रक्ततपासणी हवी. सांधेदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या परस्पर घेतल्यास शरीरात पुन्हा पाणी साठते.

आपल्या मॉरिशसमध्ये सरकारी रुग्णालयांत उपचार मोफत मिळतात. त्याचा पुरा लाभ घ्यावा. पुढच्या भेटीला सर्व गोळ्या पिशवीत घालून न्याव्यात, प्रत्येकीचे काम विचारावे, त्रास होत असल्यास स्पष्ट सांगावे. गोळी कमी करावयाची की नाही, हे तेथे ठरू द्यावे, स्वयंपाकघरात नव्हे.