औषधी कुंपण आणि पाखरांचा वाटा

पुणे शहरातील अनेक बंगल्यांभोवती ड्युरांटाची कातरलेली कुंपणे दिसतात. त्याऐवजी अडुळसा, कोरांटी वा मेंदी का लावू नये, असे आम्ही वैद्य बंधु-भगिनींना विचारतो. अडुळशाला जनावरे सहसा तोंड लावीत नाहीत. त्याच्या पांढऱ्या फुलांतील मधासाठी मात्र शिंजीर येतो. कुंपणावर चढविलेल्या गुळवेलीची तांबडी फळे बुलबुल खातो व बीज दूरवर नेतो. परंतु दरमहा कातरल्यास फुले-फळे येणार कशी? कासावरील काढ्यासाठी शेंडे सरसकट खुडताना आपणही हाच दोष करतो. म्हणून कुंपणाची एक बाजू न कातरता, कीटकनाशकाविना राखावी. वनस्पती केवळ आपल्या औषधालयासाठी नाहीत, हे प्रथम वैद्याच्या अंगणात दिसावे, असे आम्हांस वाटते.