बसलेल्यांची बाजू

कुणी नुसतं बसलेलं दिसलं की आपल्या लोकांच्या पोटात दुखू लागतं. ही खोड माणसांपुरती असती तर एक वेळ चाललं असतं. पण ती आता संगणकापर्यंत पोचली आहे.

आयबीएम आय नावाची एक यंत्रणा आहे. १९८८ साली ती एएस/४०० या नावानं जन्मली आणि आजही धंद्याचे हिशेब मुकाट्यानं सांभाळते. तिच्यात काही जॉब गिऱ्हाईक येण्याआधीच सुरू करून ठेवतात. त्यांना म्हणतात प्रीस्टार्ट जॉब. पंगत बसायच्या आधी वाढपी कंबर कसून उभे असतात ना, तसे! विनंती आली की नवा जॉब उभा करण्यात वेळ जात नाही. तयार असलेला पुढे होतो.

अशा वेळी एखादे साहेब यादी उघडतात. क्यूझेडडीएएसओआयएनआयटी हे दात हलवणारं नाव ओळीनं दिसतं आणि त्यापुढे पीएसआरडब्ल्यू. त्याचा अर्थ, 'विनंतीची वाट पाहतोय.' साहेब वाचतात, 'रिकामटेकडा!' आणि गरजतात, "काढा हे फुकटे!" अहो, बसलेला जॉब थोडी जागा अडवतो, मान्य. पण जागा वाचवायला वाढप्यांना घरी धाडणारा यजमान कुणी पाहिलाय?

दुसरी जात याहून चिवट. ती म्हणते, "आहे तसं चाललंय, हात लावू नका." नोंद करताना कुणी काही सांगितलं नाही, तर यंत्रणा आपली सुरुवातीला ३ जॉब उभे करते, मोकळे २ पेक्षा कमी झाले की आणखी २ आणते आणि २०० विनंत्या झाल्या की त्या जॉबला निवृत्त करते. म्हणजे पानं शंभर आणि वाढपी तीन! सकाळी सगळं ऑफिस एकदम कामाला बसलं की यंत्रणेची धावपळ वाढपी शोधण्यातच.

आणि उपाय? डीएसपीएसीटीपीजे ही एक आज्ञा. गर्दीच्या वेळी किती जॉब कामात होते, किती विनंत्या ताटकळल्या, सरासरी किती वेळ, हे सगळं ती सांगते. त्यावरून सुरुवातीचा आकडा ठरवावा. जास्तीचे जॉब यंत्रणा स्वतःच अधूनमधून कमी करते, पण त्या आकड्याखाली जात नाही.

पाच मिनिटांचं काम. पण मोजायचं सोडून एकजण काढत सुटतो, दुसरा हात बांधून बसतो. बसलेला जॉब निदान यादीत तरी दिसतो. खिडकीपलीकडे उभ्या असलेल्या आजीबाईंचा गेलेला वेळ साहेबांच्या कुठल्याच यादीत दिसत नाही.