चमच्याचे आमिष

मुलांनो, चोणक पकडायला महागडे आमिष लागतेच असे नाही. मी घरातला जुना स्टीलचा चमचा वापरतो. दांडा कापायचा, कडा कानशीने घासायच्या, दोन्ही टोकांना भोक पाडायचे. एका भोकात कडी घालून गळ, दुसऱ्यात फिरकी आणि तिला तंगूस. फिरकी नसली तर तंगुसाला पीळ पडतो. कापाकापी मात्र मोठ्यांसोबत करा.

पणजीला मांडवीत हा चमचा ओढला की डुलतो, चकाकतो. चोणकाला तो पळणारा लहान मासा वाटतो. पावसाळ्यात पाणी गढूळ झाले की चकाकी दिसत नाही. तेव्हा मी ताजी कोळंबी लावतो. तिच्या वासावर मासा येतो.

आता महत्त्वाचे. चोणक आधी नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो. म्हणजे ज्याच्यासोबत फोटो काढावासा वाटतो, तो सर्वांत मोठा मासा बहुधा लाखो अंडी घालणारी आई असते. ऑस्ट्रेलियात याच माशाला बारामुंडी म्हणतात. तिथे क्वीन्सलँडच्या भरतीच्या नद्यांत ५८ सेंटिमीटरहून लहान आणि १२० हून मोठा मासा परत सोडावा लागतो.

म्हणून मी चमच्याला तीन आकड्यांचा गळ लावत नाही. एकच आकडा, त्याचा उलटा काटा पक्कडीने दाबलेला. मासा त्यातून पटकन सुटतो. हात ओले करूनच त्याला धरा. मधल्या आकाराचा घरी न्या, छान हुमण होईल. मोठीला मात्र मांडवीत परत जाऊ द्या.