जखमेचा हिशेब

युद्ध समजून घेण्यासाठी आपण महाकाव्ये वाचतो, बखरी वाचतो, कादंबऱ्या वाचतो. युद्धखेळांची नियमपुस्तके मात्र साहित्याच्या अभ्यासकाच्या हाती सहसा पडत नाहीत. ही उपेक्षा आम्हांस अनाठायी वाटते. मरण कोणाला, कसे आणि किती घावांत यावे याविषयीचे एक ठाम मत नियमाच्या कोरड्या वाक्यातही दडलेले असते. उदाहरणादाखल, टेबलावर सोंगट्यांच्या सैन्यांनी खेळल्या जाणाऱ्या ‘वॉरहॅमर’ या अद्भुतरम्य युद्धखेळातला ‘बहुविध जखमां’चा नियम पाहू.

हा खेळ १९८३ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या २०१० च्या आठव्या आवृत्तीनुसार प्रथम फासा टाकून वार लागला का ते ठरते. मग मारणाऱ्याचे बळ आणि सोसणाऱ्याचा चिवटपणा यांच्या तुलनेतून जखम झाली का ते ठरते. मग चिलखताला किंवा जादूच्या संरक्षणाला बचावाची संधी मिळते. इतके होऊनही जी जखम उरते, तिचाच गुणाकार होतो. तोफगोळ्याने झालेली एक जखम फाशाच्या दानाप्रमाणे एक ते सहा जखमांची होते. म्हणजे बचावाची संधी असलीच, तर ती गुणाकाराच्या आधी दिली जाते.

खरी मेख पुढे आहे. साध्या शिपायाच्या वाट्याला एकच जखम असते, ओगर या धिप्पाड राक्षसाच्या वाट्याला तीन. शिपायावर सहाचे दान पडले तरी मरतो तो एकच. उरलेल्या पाच जखमा शेजाऱ्याला लागत नाहीत, त्या वाया जातात. ओगरला अशी जखम झाली, तर सहांपैकी चार दानांत तो मरतो. सरासरी साडेतीन जखमांपैकी अडीचच मोजल्या जातात. आधी प्रत्येक देहाची मर्यादा पाहायची आणि मगच तुकडीची बेरीज करायची, असा हा क्रम आहे.

यावर आक्षेप असा, की हा हिशेब किचकट आहे. सगळ्या जखमा एकत्र करून तितक्या सोंगट्या उचलल्या तर खेळ वेगाने पुढे जाईल. सोयीपुरते ते खरे आहे. परंतु त्या सोयीची किंमत मोठी आहे. जखमा एका देहातून दुसऱ्यात वाहू लागल्या, की सैन्य म्हणजे माणसांचा समूह न राहता एक साठा होतो आणि घाव म्हणजे त्यातून केलेली वजाबाकी. कोणीही दुसऱ्याचे मरण मरत नाही, हे सत्य वाया गेलेल्या त्या पाच जखमा राखतात. म्हणून आम्ही या किचकटपणाच्या बाजूचे आहोत.

अर्थात हा नियम निष्पाप नाही. वीराला अनेक जखमा आणि शिपायाला एक, ही विषमता त्याच्या पायाशीच आहे. तिची परंपरा जुनी आहे: १९७१ च्या ‘चेनमेल’ या अमेरिकन नियमसंग्रहात वीराला मारण्यासाठी चार प्राणघातक वार एकाच वेळी बसावे लागत. तिथे वीर एकतर अभंग, नाहीतर मृत. ‘वॉरहॅमर’मध्ये जखमा साचत जातात, तरी शेवटची एक जखम उरलेला वीरही पूर्ण ताकदीनेच लढतो. वेदना नोंदली जाते, पण तिचा परिणाम दिसत नाही. महाकाव्यातील वीरांशी असलेले हे साम्य विद्यार्थ्यांनी पडताळून पाहावे.

त्याहून बोलका एक अपवाद आहे. दोन वीरांच्या द्वंद्वात मात्र जास्तीच्या जखमा वाया जात नाहीत. पाचापर्यंत त्या लढाईच्या निकालात विजेत्याच्या बाजूने मोजल्या जातात. गर्दीत शिपाई सहापट मेला तर त्याची दखल नाही. द्वंद्वात तोच अतिरेक पराक्रम ठरतो. क्रौर्याला मोल येते ते प्रेक्षकांमुळे, असेच हा नियम सांगतो.

युद्धाचे वर्णन वाचताना आपणही हाच प्रश्न विचारायला हवा: इथे जखमा देहागणिक मोजल्या आहेत, की तुकडीगणिक? ‘हजारो पडले’ असे लिहिणारी लेखणी कोणता नियम पाळते, हे त्यावरून उमगेल.